दुसऱ्या खुर्चीत चाळीस वर्षं: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातल्या सहायक प्रशिक्षक क्रिस डेली यांच्यावर मी लिहिलेलं तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाळीस वर्षं सहायकच राहणं म्हणजे धमक नसणं, भारी असत्या तर कुणीतरी मुख्य प्रशिक्षक म्हणून कधीच पळवलं असतं. वर, मुलींच्या संघात पुरुषाने हुकूम सोडायचे आणि बाईने हाताखाली राबायचं, याचं कौतुक कसलं? आणि शेवटी, 'आमच्या कॉलेजात एकच सर होते, तेच सगळं करायचे, यांना चार-चार माणसं कशाला लागतात?'

शेवटच्यापासून सुरू करते, कारण बाकीचं तिथूनच निघतं. आपल्याकडचे सर मीही पाहिलेत. संघ तेच निवडणार, शिट्टी तेच वाजवणार, स्पर्धेचे फॉर्म, रेल्वेचं कन्सेशन, वडापावचा हिशेब, सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यात प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास कधी करणार? अमेरिकेत वरच्या गटातल्या कॉलेजांना बरीच वर्षं एक मुख्य आणि तीन सहायक अशी मुभा होती. 2023 मध्ये आणखी दोघांना शिकवायची मुभा मिळाली, फक्त तेव्हा त्यांना खेळाडू शोधायला बाहेर जाता येत नव्हतं.

आता हे सहायक करतात काय? समजा शनिवारी सामना आहे. तो एका सहायकाच्या नावावर लागलेला असतो. ती त्या संघाचे मागचे सामने थांबवून थांबवून बघते. कुठली गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणारी खेळाडू, डावीकडे वळली की हटकून थांबून शूट करते, साइडलाइनवरून बॉल आत टाकताना कोण कुणाला स्क्रीन लावतं, म्हणजे तिच्यासाठी बचाव करणारीची वाट अडवून उभं राहतं, बेंचवरून कुठली खूण आली की कुठली चाल येते, याच्या नोंदी काढते. मग प्रॅक्टिसला येतात मुलगे. हो, मुलगे! त्याच विद्यापीठातले, शाळेत बऱ्यापैकी खेळलेले. त्यांना त्या संघाच्या चाली शिकवायच्या आणि आपल्या मुलींसमोर उभं करायचं. दोन दिवस एखादा अकाउंटिंगचा विद्यार्थी शनिवारच्या त्या गार्डसारखा डावीकडे वळून शूट करत राहतो. सामना झाला की पुढचा संघ, बहुधा दुसऱ्या सहायकाकडे. शिवाय आपल्या संघात याव्यात म्हणून शाळकरी खेळाडूंच्या मागे वर्षानुवर्षं राहणं, त्यांच्या आई-वडिलांना विश्वास देणं आहेच. सामन्यात मुख्य प्रशिक्षकाने चिडून बाहेर काढलेली मुलगी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसते, तेव्हा तिच्याशेजारी बसून नेमकं काय चुकलं हे सांगणारीही बहुतेक वेळा सहायकच.

आता धमक. टेनेसी विद्यापीठाचं उदाहरण घ्या. तिथल्या मुख्य प्रशिक्षक पॅट समिट म्हणजे या खेळातलं केवढं नाव! आठ राष्ट्रीय विजेतेपदं. ऑगस्ट 2011 मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश झालाय. त्या मोसमात त्या बेंचवर होत्या, पण सामन्यातला बराचसा भार हॉली वॉरलिक यांनी उचलला. वॉरलिक तिथल्याच माजी खेळाडू, 1985 पासून समिट यांच्या सहायक. जोडीला मिकी डीमॉस आणि डीन लॉकवुड. संघाने 27 सामने जिंकले, आपल्या विभागाची स्पर्धा मारली, राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचून बेलरकडून हरला. ते सगळे विजय समिट यांच्या 1,098 मध्ये जमा आहेत. तसेच असायला हवेत, माझी काही तक्रार नाही. पण ज्या बाईने तो मोसम ओढून नेला तिला धमक नव्हती म्हणणं मला जमणार नाही.

पुढचं तर तुमच्या मुद्द्याला थेट आडवं जातं. 2012 मध्ये वॉरलिक मुख्य प्रशिक्षक झाल्या. पहिल्या चार मोसमांत तीनदा संघ शेवटच्या आठांत नेला, तरी 2019 मध्ये त्यांना घरी पाठवलं. कनेक्टिकटच्या जमेल एलियट 1995 च्या विजेत्या संघातल्या. त्या बारा वर्षं तिथे सहायक होत्या, मग 2009 ते 2018 सिनसिनाटीत मुख्य. राष्ट्रीय स्पर्धेत संघ एकदाही पोचला नाही. 2020 मध्ये त्या कनेक्टिकटच्या संघात परत आल्या, पुन्हा सहायक म्हणून. उत्तम गार्ड आहे म्हणून तिला पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळच्या धिप्पाड खेळाडूच्या जागी, उभं करत नाही ना आपण? दोन्ही कामं बास्केटबॉलचीच, पण एकाची शिडी दुसऱ्यापर्यंत जातेच असं नाही. 2018 मध्ये महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये डेली आणि डीमॉस एकाच वेळी गेल्या. ज्यांना खेळ कळतो त्यांनी दखल घेतली आहे.

पुरुष-बाईचा मुद्दा मात्र वजनदार आहे. 1972 साली अमेरिकेत शिक्षणसंस्थांमधल्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला, तेव्हा कॉलेजातल्या मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक बायका होत्या. कायद्याने मुलींच्या खेळात पैसा आणला, आणि पैशापाठोपाठ पुरुष आले. आता ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. तेव्हा तुमचा राग रास्त, फक्त माणूस चुकीचा निवडलात. कनेक्टिकटचे मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा स्वतः चार वर्षं व्हर्जिनियात एका बाईच्या, डेबी रायन यांच्या, हाताखाली सहायक होते. 1985 मध्ये कनेक्टिकटला आले ते डेलींना घेऊनच. डेली रटगर्स संघातून 1982 चं विजेतेपद जिंकलेल्या, तिथे आणि कॉर्नेलमध्ये सहायकी केलेल्या. कनेक्टिकटच्या संघाने त्याआधी फक्त एका मोसमात हारीपेक्षा जास्त सामने जिंकले होते. या दोघांच्या पहिल्या वर्षीही 12 जिंकले, 15 हरले. आज तिथे बारा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑरिएमांचा विक्रमी 1,217 वा विजय झाला, तेव्हा विद्यापीठाने दोघांच्या चाळीसाव्या मोसमाचा सोहळा एकत्रच केला.

मार्च 2021 चंही सांगते. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर ऑरिएमांना कोविड निघाला आणि संघ त्यांच्याशिवाय सॅन अँटोनियोला गेला. पहिले दोन सामने डेलींनी सांभाळले. हाय पॉइंटविरुद्ध 102-59, सिराक्यूजविरुद्ध 83-47. समोरचे संघ तुलनेने दुबळे होते हे मान्य. पण मुख्य माणूस नाही म्हणून चाली विस्कटल्या, पोरी बावरल्या, असं काही दिसलं नाही. ऑरिएमा आयोवाविरुद्धच्या सामन्याला आले आणि काम पुढे चालू.

तुम्ही जे काढलं नाहीत ते मीच काढते. माझी खरी कुरकुर पगाराबद्दल आहे, आणि नोकरीच्या भरवशाबद्दल. मुख्य प्रशिक्षकाचे आकडे बातम्यांत गाजतात, सहायकांचे त्याच्या जवळपासही नसतात. आणि मुख्य माणूस बदलला की नवा आपली माणसं घेऊन येतो. मोसमभर समोरच्या संघांचा अभ्यास केलेल्या बाईला मुलांच्या शाळा बदलून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवावं लागतं. डेलींना ते करावं लागलं नाही, कारण ऑरिएमा हलले नाहीत. बाकीच्या बहुतेकींच्या नशिबी हे नसतं.