भिजत घोंगडं ठेवायची सोपी पद्धत

इस्रायलचं पंतप्रधान व्हायचंय म्हणता? व्हा की, त्यात काय. क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, १२० जागा, ६१ जमवायच्या, बास. निवडणुकीत एकट्या पक्षाला तेवढ्या आजवर कधी मिळालेल्या नाहीत, तेव्हा भेटेल त्याला धरून आणायचं आणि मागेल ते खातं द्यायचं, कडव्या उजव्या पक्षाच्या बेन ग्वीरने पोलीस मागितले, पोलीस द्या, तसल्याच दुसऱ्या पक्षाच्या स्मोट्रिचला अर्थखातं द्या, वर वेस्ट बँकेच्या, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागाच्या, कारभारातही हात घालू द्या. नाहीच जमलं तर परत निवडणूक लावा, एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच झाल्या, लोकांना सवय आहे. एखाद्या गँट्झसारख्या विरोधी नेत्याला अर्धी टर्म तुझी म्हणून सोबत घ्या, फक्त त्याची पाळी यायच्या आत बजेट अडकलं पाहिजे, मग सभागृह आपोआप बरखास्त होतं, तुमच्यावर नाव नाही.

आता शांततेचं. ती करायची नसते हो, तिची प्रक्रिया करायची असते! पंतप्रधान रबीन १९९३ साली पॅलेस्टिनींशी झालेल्या ऑस्लो करारावर खरोखरच सही करून बसले आणि दोन वर्षांनी तेल अवीवमध्ये शांततेच्याच सभेनंतर एका ज्यू तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. तुम्ही असलं काही करू नका. नेतान्याहूंसारखं करा, २००९ ला बार-इलान विद्यापीठात पॅलेस्टिनी राष्ट्राला हो म्हणा, २०१५ ला मतदानाच्या आदल्या दिवशी नाही म्हणा. मधल्या काळात वस्त्या बांधत राहा, ऑस्लोच्या वेळी वेस्ट बँकेत लाखभर सेटलर, म्हणजे या वस्त्यांत राहणारे इस्रायली, होते, आता पाच लाखांच्या आसपास, तेही पूर्व जेरुसलेम न धरता.

कोणी विचारलंच तर म्हणा, बोलायला समोर आहे कोण? पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास २००५ ला चार वर्षांसाठी निवडून आले ते अजून उठलेले नाहीत (हे मात्र खरंय, त्यांनाही कोणाची शिकवणी नको), आणि गाझात हमास. दोघं वेगवेगळे राहतील तेवढं बरं, म्हणून कतारचे पैसे सुटकेसमधून गाझात जाऊ द्या.

ही युक्ती ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळपर्यंत छान चालली. त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये बाराशेच्या आसपास माणसं गेली, त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी गेली, इथे मला थट्टा सुचत नाही. तुम्ही मात्र सल्ला पाळा, हल्ला झालाच कसा याची चौकशी कधी असं विचारलं की युद्ध संपल्यावर म्हणा.

आणि ६१ ची काळजी सोडा. जुलै २०२४ मध्ये पॅलेस्टिनी राष्ट्र नको असा ठराव क्नेसेटमध्ये आला, ६८ विरुद्ध ९ ने पास झाला, गँट्झचे लोकसुद्धा बाजूने, आणि एक खातं द्यावं लागलं नाही.