विमा पिल्लाचा, छळ आमचा

"ब्रीड कोणती, मॅडम?" कुत्र्याच्या पिल्लाचा विमा काढायला कंपनीला फोन लावला की परत तेच! अहो, गावठी. गंगापूर रोडवर जन्मलेली, अस्सल नाशिककर. मग पलीकडून, "अदर्समध्ये टाकते हं." टाका बाई, कुठेही टाका.

कागदपत्रांचं काही नाही, ते देऊ. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, चारी बाजूंनी फोटो (एका जागी उभी राहील तर शपथ!), वर पंधरा आकडी ओळखक्रमांकाची, कातडीखाली बसवायची मायक्रोचिप. पण बदल्यात काय? पिल्लांना खरी धास्ती पार्व्होची, त्या जीवघेण्या विषाणूची. उलट्या, रक्ताचे जुलाब, सलाइन, दवाखान्यात मुक्काम. एका कंपनीत पार्व्हो चक्क वगळलेला, दुसरीत लशीचे डोस वेळच्या वेळी झालेले असतील तरच. आणि ते डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात ते थेट सोळा आठवड्यांपर्यंत चालतात! म्हणजे जीव सगळ्यात नाजूक असतो तेव्हाच आम्ही वाऱ्यावर. शिवाय वेटिंग पिरियड वेगळाच, म्हणजे पॉलिसी घेऊनही सुरुवातीचे काही दिवस दावा करायचा नाही.

लस, जंताचं औषध, नसबंदी हे हमखास होणारे खर्च तर बहुतेक पॉलिसींत धरतच नाहीत. ही माहिती शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. फोनवर मात्र, "सगळं कव्हर आहे, मॅडम."

परवा कडेलोट झाला. विम्याची रक्कम ठरवायला एकाने विचारलं, "हिचा बाजारभाव काय धरायचा? खरेदीची पावती आहे?"

बाजारभाव? कांदा आहे का ती, लासलगावला फोन लावून विचारायला?