‘रॅम वाढवली तरी व्हिडिओ अडकतोच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं केलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लॅपटॉप २०१२ चा, इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. यूट्यूबवर क्रिकेटचे हायलाइट्स अडकत अडकत चालतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून रॅम चारची आठ जीबी केली, नेटचा प्लॅन वाढवला, विंडोज नव्याने टाकून घेतलं, तरी फरक शून्य. माझ्या लेखात ‘जुना कॉम्प्युटर लगेच मोडीत काढू नका’ असं होतं. असले लेख लोकांना उगाच खर्चात पाडतात, सरळ ‘नवीन घ्या’ म्हणा, असं तुम्ही बजावलंत.

मी तसं म्हणणार नाही. कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: “आवाज नीट येतो, चित्रच उड्या मारतं.” नेट कमी पडलं की आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात, मधोमध चक्र फिरत राहतं. आवाज सलग आणि चित्र तुटक असेल, तर डेटा तुमच्यापर्यंत वेळेवर पोचलेला असतो. तो उलगडायला प्रोसेसरला वेळ पुरत नाही. सेकंदाला ६० फ्रेम्सच्या (म्हणजे ६० सुट्या चित्रांच्या) व्हिडिओत एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात काम झालं नाही की प्लेअर ती फ्रेम गाळतो. इथे नेटचा प्लॅन किंवा जास्तीची रॅम काहीच करू शकत नाही. रॅमचा उपयोग होतो तो ब्राउझरच्या ढीगभर टॅब्जमुळे मेमरी भरून हार्ड डिस्क सतत घरघरत असेल तेव्हा. तुमचं दुखणं ते नव्हतं आणि दुकानदाराने आधी तपासून मग रॅम विकायला हवी होती.

खरी अडचण कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीची आहे. एच.२६४ हा कोडेक २००३ चा. तो उलगडण्यासाठी तुमच्या चिपमध्ये वेगळं सर्किट आहे, त्यामुळे प्रोसेसरवर ताण जवळजवळ येत नाही. पुढे २०१३ मध्ये गूगलचा व्हीपी९ आला, २०१८ मध्ये एव्ही१. तेवढंच चांगलं चित्र कमी डेटात पाठवता येतं, म्हणून यूट्यूब शक्यतो हेच पाठवतं. पण इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ साठी पूर्ण सर्किट आलं सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ साठी अकराव्या. तुमच्या तिसऱ्या पिढीत दोन्ही नाहीत. डेटा वाचतो तो प्रामुख्याने यूट्यूबचा, आणि भार पडतो तुमच्या लॅपटॉपवर. मला चीड येते ती याची. यंत्र नादुरुस्त नसतं, पण मालकाला वाटतं ते निकामी झालं.

हे डोळ्यांनी बघा. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. काळ्या चौकटीत ‘कोडेक्स’ची ओळ दिसेल. तिथे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असेल आणि वरच्या ओळीतला ‘ड्रॉप्ड’चा, म्हणजे गाळलेल्या फ्रेम्सचा, आकडा तुमच्यासमोर चढत असेल, तर निदान पक्कं. आता ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ (h264ify) हे एक्स्टेन्शन, म्हणजे छोटं जोड-सॉफ्टवेअर, टाका. या ब्राउझरला नवे कोडेक झेपत नाहीत असं ते यूट्यूबला कळवतं. पान रिफ्रेश केल्यावर त्याच ओळीत एव्हीसी१, म्हणजेच एच.२६४, यायला हवं. त्यातच ६० फ्रेम्स बंद करण्याचा पर्याय आहे, तोही वापरा. चित्र १०८०पी पर्यंतच मिळेल; तुमच्या पडद्याला तेवढं भरपूर आहे.

एव्हीसी१ येऊनही चित्र तुटत असेल, तर विंडोज नव्याने टाकल्याचा संबंध असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ उघडा. तिथे ‘इंटेल एचडी ग्राफिक्स ४०००’ऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच (ते सर्किट विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर) बसलेला नाही आणि ते खास सर्किट नुसतं पडून आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स ॲक्सलरेशन (चित्राचं काम त्या सर्किटकडे सोपवण्याची सोय) चालू आहे ना, तेही बघून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात क्वचितच कुणी बघतं: चार्जर. मूळ चार्जर गेल्यावर आपण बाजारातला ‘कंपॅटिबल’ आणतो. काही लॅपटॉप असा चार्जर ओळखत नाहीत आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघा. अडीच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून बसला असेल, तर संशय चार्जरवर घ्या, नाहीतर पंख्यात साचलेल्या धुळीवर. धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलणं हे फारसं खर्चिक काम नाही.

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्येही अडकतो, मग यूट्यूबचा काय संबंध, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुम्ही लिहिलंय की तो आयफोनवर काढलेला आहे. २०१७ नंतरचे बरेच आयफोन एचईव्हीसी या आणखी एका नव्या कोडेकमध्ये शूट करतात. व्हीएलसीच्या ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडलंत की ते नाव दिसेल. तुमच्या चिपमध्ये त्यासाठीही सर्किट नाही. ‘हँडब्रेक’ हे व्हिडिओचा कोडेक बदलून देणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या, एच.२६४ आणि १०८०पी निवडा आणि रात्रभर चालू ठेवा. मूळ फाइल मात्र पुसू नका.

फोर-के बघायचं असेल, तर हा लॅपटॉप पुरा पडणार नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही (म्हणजे सुरक्षेची अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. बँकेची कामं त्याच लॅपटॉपवर होत असतील, तर नव्या मशीनचा विचार करा, किंवा विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घ्या. पण तो निर्णय सुरक्षिततेसाठी घ्या. हायलाइट्स अडकतात म्हणून तीस-चाळीस हजार घालू नका.

आधी फक्त कोडेक्सची ओळ आणि व्हिडिओ चालू असतानाचा सीपीयू स्पीड, एवढंच इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो. तोवर दुकानात काही नवं विकत घेऊ नका.