दान करून कर वाचतो? आधी आकडेमोड करा

इंदूरमधल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा फिरतो आहे: ‘विप्रो या आयटी कंपनीच्या अझीम प्रेमजींनी दान केलंच नाही. जितकं दिलं तितकं करात परत मिळालं. तसंही ते कंपनीचं सक्तीचं 2 टक्केच होतं, आणि ट्रस्ट त्यांचाच, म्हणजे पैसा घरातच.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत. असं वाचून लोक इथल्या लहान संस्थांना देतानाही हात आखडता घेतात, म्हणून हे उत्तर.

‘जितकं दिलं तितकं परत’ हे आधी तपासू. राजवाड्याजवळच्या एखाद्या व्यापाऱ्याचं करपात्र उत्पन्न 20 लाख धरा. जुन्या करप्रणालीत त्याने 50 टक्के वजावटीच्या संस्थेला बँकेतून 1 लाख दिले, तर देणगीवर वजावट देणाऱ्या 80जी या (1961च्या आयकर कायद्यातल्या) कलमाखाली वजावट मिळते 50,000 रुपयांची. ती करातून नव्हे, उत्पन्नातून वजा होते. सगळा घोळ इथेच होतो. 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून वाचले 15,600. खिशातून गेले 84,400. नवी करप्रणाली निवडली असेल तर वाचणारी रक्कम शून्य. 2,000 रुपयांवरची रोख देणगी, धान्य, ब्लँकेट यांनाही वजावट नाही. पावती आहे पण संस्थेने देणगीचं आयकर प्रमाणपत्र काढलेलं नाही किंवा त्यात पॅन चुकला आहे, तर दावा अडकतो.

प्रेमजींचं मोठं दान रोख रकमेचं नव्हतंच. मार्च 2019 मध्ये त्यांनी विप्रोच्या आणखी 34 टक्के शेअर्सचे आर्थिक लाभ धर्मादाय कामासाठी कायमचे सोडले. आधीचे धरून हा वाटा 67 टक्क्यांवर गेला. 80जी फक्त पैशाच्या देणगीला लागू होतं, शेअर्सना नाही.

2 टक्क्यांचा मुद्दा लवकर संपतो. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करावेत असं सांगणारं 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 कंपनीच्या नफ्याला लागू आहे, मालकाच्या वैयक्तिक शेअर्सना नाही. शिवाय सीएसआरचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. 2014च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली.

उरला ‘पैसा घरातच’. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करू: विप्रोवरचं नियंत्रण प्रवर्तकांकडेच (प्रेमजी कुटुंब आणि त्यांच्या संस्थांकडे) आहे, आणि धर्मादाय संस्थेला लाभांशावर करसवलत मिळू शकते. पण नियंत्रण वेगळं आणि लाभ वेगळा. 100 रुपये लाभांशावर श्रीमंतातल्या श्रीमंत व्यक्तीला साधारण 36 रुपये कर बसतो, 64 तिच्या हातात राहतात. लाभच सोडून दिला की हातात काहीच उरत नाही. 36 वाचवण्यासाठी 64 कोण सोडेल? आणि करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थेचं उत्पन्न संस्थापक किंवा त्याच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरलं, तर आयकर कायद्यानुसार सवलत जाते.

पैसा कुठे जातो ते मध्य प्रदेशातही दिसतं. भोपाळमध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. सरकारी शाळेतून दहावी-बारावी झालेल्या आणि पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना प्रेमजींचंच अझीम प्रेमजी फाउंडेशन वर्षाला 30,000 रुपये शिष्यवृत्ती देतं. घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलगी यात बसत असेल, तर तिला हे आजच सांगा.