लॅमिनेट केलेलं पत्र

आज दुपारी मंडळाच्या कार्यक्रमात मसालेभाताच्या रांगेत उभी होते. मागून आवाज आला, "अहो, या आसरा मागणाऱ्यांना व्हिसा नाकारला की हे निघाले कोर्टात. तेवढीच चार-पाच वर्षं निघतात!" सगळे हसले. मी काही बोलले नाही, हातातला मठ्ठा तेवढा सांडला. म्हणून आता रात्री अकराला हे लिहितेय.

मी मेलबर्नमध्ये ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथल्या किचनमध्ये एक मुलगा आहे. उत्तर श्रीलंकेतला, तमिळ. मला अक्का म्हणतो. त्याला विचारूनच लिहितेय. नाव लिहीत नाही, कोर्टही लिहीत नाही. संरक्षण व्हिसा मागणाऱ्याचं नाव निकालात छापायला इथे कायद्यानेच बंदी आहे. नावाच्या जागी तीन अक्षरं, दोन आकडे, संपलं. कोर्टाबाहेरच्या यादीत तो बिचारा स्वतःला शोधत होता.

त्याच्याकडे गावच्या देवळातल्या पुजाऱ्याचं पत्र होतं. घरी कोण येऊन चौकशी करून गेलं, ते त्यात लिहिलेलं. फाटू नये म्हणून त्याने ते लॅमिनेट करून घेतलं होतं. न्यायाधीशांपुढे दोन्ही हातांनी धरलं, आरतीचं ताट धरावं तसं. ते सौम्यपणे म्हणाले, हे मला विचारात घेता येणार नाही. लवादाने (ट्रिब्युनल, कोर्टाच्या आधी व्हिसाचा नकार तपासतं ते) नकार दिल्यानंतर आलेलं पत्र ते.

रांगेतल्या मंडळींनो, कोर्टात नेमकं काय होतं ते ऐका. परत पाठवलं तर या माणसाच्या जिवाला धोका आहे का, हा प्रश्न तिथे नसतोच. निर्णय कायद्यात बसून घेतला का, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं का, एवढंच बघतात. 'ज्युरिस्डिक्शनल एरर' दाखवा म्हणतात, म्हणजे निर्णय घेणाऱ्याने कायद्याने दिलेला अधिकार ओलांडला असं दाखवा. तो शब्द आला तेव्हा दुभाषी बाईसुद्धा क्षणभर थांबल्या, मग तमिळमध्ये भलंमोठं वाक्य बोलल्या. तो म्हणाला, "मी खरं सांगतोय, सर." वकील नव्हता. आणि समजा जिंकला असता, तरी व्हिसा नाहीच. फाइल परत लवादाकडे, पुन्हा पहिल्यापासून.

लवादाने त्याला खोटा का ठरवला? एकदा त्याने 'चित्तिरै' हा तमिळ महिना सांगितला, कागदावर आलं एप्रिल. पुढच्या वेळी तो मे म्हणाला. झाली विसंगती! अरे, चित्तिरै एप्रिलच्या मध्याला सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. आपल्या आजीला विचारा चैत्र म्हणजे कुठला इंग्रजी महिना, ती काय उत्तर देईल? पण कुणावर विश्वास ठेवायचा हे लवादाने ठरवायचं, कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही.

हो, खोटे अर्ज येतात. आपल्या देशातूनही येतात, एजंट भरून देतात. माहितीये मला.

पण म्हणून कोर्टाचं दारच बंद करायचं? सरकारने २००१ मध्ये तसा कायदा करून पाहिलाय. २००३ मध्ये हायकोर्टाने (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) बजावलं, की अधिकाऱ्याने कायदा ओलांडला तर त्याला जाब विचारायचा हक्क राज्यघटनेतच आहे, संसदेला तो काढून घेता येणार नाही. उरलंय ते एवढंसं दार. तिथेही नकाराच्या तारखेपासून ३५ दिवसांत पोचायचं, इंग्रजी फॉर्म भरून, पैसे भरून. हरलात तर समोरच्या बाजूच्या, म्हणजे मंत्र्यांच्या, वकिलाचा खर्चही तुमच्याच माथी. आणि आपण म्हणायचं, वेळ काढतात!

ज्या काकांनी हे म्हटलं, त्यांच्या सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला तेव्हा त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं होतं, खासदाराच्या ऑफिसात खेटे घातले होते. तेव्हा 'अन्याय' होता. वाचत असाल तर वाचा, काका.

असो. काका वाईट नाहीत. मी पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, डब्यात थालीपीठ घेऊन. त्या मुलाला घ्यायला कोण आलं होतं, हे मी त्याला कधी विचारलेलंच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

त्या मुलाचा कोर्टातला अर्ज फेटाळला गेला, सुनावणीच्याच दिवशी. फेडरल कोर्टात अपिलाला २८ दिवस असतात, आज बारावा. काल सुट्टीच्या वेळात आम्ही डायनिंग हॉलमध्ये कागद लावत बसलो होतो. ते पत्र मी बाजूला काढलं, म्हटलं याचा आता उपयोग नाही रे. त्याने पुसलं आणि परत फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलं.

"राहू दे, अक्का."