पसरा म्हटलं की पसरतात

लहान मुलं ऐकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार-पाच वर्षांच्या बारा मुलांना एकदा फुटबॉल शिकवून बघावा. ती ऐकतात. अक्षर न् अक्षर ऐकतात. माझी सगळी दैना त्यातूनच झालेली आहे.

मी काही खरा कोच नव्हे. मुलाला मैदानावर सोडायला गेलो होतो. आधीचे सर अचानक सोडून गेले होते (का गेले, हे विचारायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही) आणि जमलेल्या पालकांत कुणाला फुटबॉल येतो का, अशी विचारणा चालली होती. सगळे पालक एकदम मोबाइलमध्ये बुडाले. तेवढ्यात आमचे चिरंजीव गरजले, "माझ्या बाबाला येतो! तो रात्री झोपतच नाही, फुटबॉल बघतो. आणि कुणाला पास द्यायचा ते टीव्हीला ओरडून सांगतो!"

सोफ्यावर लोळत मी जगातल्या भल्याभल्या प्रशिक्षकांच्या चुका काढल्या होत्या. त्यांचा तळतळाट लागला असणार. पुढच्या मिनिटाला माझ्या गळ्यात शिट्टी होती.

मग मी अभ्यासाला लागलो. एक वही केली. तिच्यात टोटल फुटबॉल उतरवून काढला: 1974 च्या विश्वचषकात प्रशिक्षक रिनस मिशेल्सच्या नेदरलँड्सने खेळला तो. बचावपटू बेधडक पुढे जातो, आघाडीचा त्याच्या जागी मागे येतो, कोण कुठला हे समोरच्याला कळत नाही. लाल बाण, निळे बाण, तुटक रेषा. वही इतकी देखणी झाली की मी ती बायकोला दाखवली. तिने विचारलं, "यातल्या किती जणांना स्वतःची नाडी बांधता येते?"

एकालाही येत नव्हती. बारा मुलं म्हणजे चोवीस नाड्या. शेवटची बांधून उभं राहावं तर पहिली सुटलेली असते. पहिला तास मी गुडघ्यांवरच काढला आणि लांबून बघणाऱ्यांचा समज असा झाला की नवे सर फार नम्र आहेत.

खेळ सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की माझा संघ टोटल फुटबॉलच्याही पुढे गेलेला आहे. इथे सगळेच बचावाला, सगळेच आघाडीला, आणि तेही एकाच वेळी एकाच चौरस मीटरमध्ये. चेंडू जिकडे जाईल तिकडे अख्खं मोहोळ घोंघावत जातं. मोहोळाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. अधूनमधून एखादा बूट तेवढा बाहेर पडतो. गंमत म्हणजे चेंडू केव्हाच दुसऱ्या बाजूने निसटून कडेला जाऊन थांबलेला असतो आणि आत लाथाळी चालूच असते.

मोहोळ फोडायला मी जोरात ओरडलो, "पसरा! सगळ्यांनी पसरा!"

आणि बाराच्या बारा मुलं गवतावर पसरली.

काही उताणी, काही पालथी. एकाने तर डोक्याखाली हात घेऊन कूस बदलली. इतकी शिस्त मी मोठ्यांच्या संघातही पाहिलेली नाही. पालकांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो योगाचा भाग वाटला.

त्या दिवसापासून मला मराठी भाषेची भीती बसली. ज्या वाक्यांवर मी आयुष्यभर निर्धास्त विसंबलो होतो ती एकेक करून उलटू लागली. "चेंडूवर नजर ठेव" म्हटलं, तर एक मुलगी चेंडूपाशी उकिडवी बसली आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. दोन-तीन जण तिला ओलांडून चेंडू घेऊन गेले, तर तिने माझ्याकडे तक्रार केली, "सर, मी नजर ठेवली होती." "तुझ्या माणसाला सोडू नकोस" म्हटलं, तर लाल बूटवाल्याने समोरच्या संघातल्या एका मुलाला कमरेला जी मिठी मारली, ती सामना संपेपर्यंत सोडली नाही. मिठीतल्या मुलाची काही हरकत नव्हती. आता ते दोघे जिवलग मित्र आहेत आणि चेंडूशी दोघांचाही संबंध उरलेला नाही.

पास देणं हा तर निव्वळ तात्त्विक प्रश्न आहे.

"त्याला पास दे."

"का?"

"तो मोकळा उभा आहे म्हणून."

"मी पण मोकळा आहे."

"पण चेंडू तुझ्याकडे आहे ना?"

"हो. मीच आणला."

यावर काय बोलणार? नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा हट्ट नव्हे, वय आहे. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी 1932 मध्येच लिहून ठेवलंय की लहान मुलं शेजारी शेजारी बसून खेळतात, एकमेकांबरोबर खेळतातच असं नाही. म्हणजे माझा संघ हा संघ नव्हताच. तो एकाच मैदानात चाललेला बारा जणांचा वैयक्तिक फुटबॉल होता. म्हणूनच या वयात प्रत्येकाच्या पायाशी स्वतंत्र चेंडू द्या, रांगा लावू नका, असं जाणते प्रशिक्षक सांगतात. मी रांग लावून पाहिली होती. रांगेतला तिसरा मुलगा गांडूळ शोधायला निघतो, आणि गांडूळ सापडलं की सराव संपतो.

चेंडूचीही एक कथा आहे. पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात माझा स्वतःचा चेंडू घेऊन गेलो. पाच नंबरचा, नियमात बसणारा, घेर 68 ते 70 सेंटीमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम. संघातली सगळ्यात लहान मुलगी लांबून धावत आली आणि तिने सर्वशक्तीनिशी लाथ मारली. चेंडू जागेवर राहिला. मुलगी मागे गेली. मग कुणीतरी सांगितलं की या वयाला तीन नंबरचा हलका चेंडू असतो. तो आणला. आता चेंडू पुढे जातो आणि त्याच्या मागून बूटही जातो.

एकदा वैतागून मी म्हणालो, "अरे, जरा डोकं वापरा!" म्हणालो आणि जीभ चावली. क्षणात चेंडूभोवती पाच डोकी जमली. चेंडू जमिनीवर होता म्हणून मुलं रांगत, माना खाली घालून त्याला ढुशा देऊ लागली. माझं धाबं दणाणलं. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, बंद केलं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथेही 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. आणि इथे माझी मुलं बोकडांसारखी झुंजत होती, तीही माझ्या आज्ञेवरून. तेव्हापासून मैदानावर मी डोकं हा शब्द उच्चारत नाही. वापरतही नाही, असं बायकोचं मत आहे.

गोलकीपर मात्र मी हौसेने नेमला होता. पुरा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. आमचा गोल त्याच्या पावही नव्हता, तरी त्यात उभा केलेला मुलगा लांबून कुणीतरी विसरून गेलेल्या दप्तरासारखा दिसायचा. दहा मिनिटांनी पाहिलं तर तो मैदानाकडे पाठ करून जाळीच्या भोकांत एकेक गवताची काडी खोवत बसला होता. काम सुबक होतं. मागून चार गोल झाले. प्रत्येक गोलानंतर तो फक्त म्हणायचा, "हलवू नका रे." अमेरिकेत या वयाला चारास चार खेळवतात आणि गोलकीपर ठेवतच नाहीत, हे वाचल्यावर त्या नियमकर्त्याविषयी मला विलक्षण जवळीक वाटली. त्यानेही ती काड्यांची जाळी पाहिलेली असणार. ऑफसाइडचा नियमही या वयाला नसतो. बरंच आहे. तो मी अजून माझ्या मेहुण्याला समजावतोय.

मग मी चार गोलांचा खेळ आणला. होर्स्ट वाइन नावाच्या जर्मन प्रशिक्षकाने, जो मुळात हॉकीचा माणूस, तो काढला. नाव फुनिन्यो. तिघांस तिघे, दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल, एकीकडे गर्दी झाली तर दुसरीकडे वळायचं. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून अगदी लहान गटांना असले छोटेखानी खेळच सक्तीचे केलेत. कल्पना उत्तम आहे. मोहोळ खरंच फुटतं, सगळ्यांच्या पायाला चेंडू लागतो, गांडुळांनाही जरा उसंत मिळते. माझ्या मुलांना तो फार आवडला, कारण त्यांच्या हिशेबाने कुठल्याही दिशेला मारलं तरी समोर गोल आहेच. कुठले दोन आपले, हे मी रोज विचारतो. सगळे बरोबर बोटं दाखवतात. मग खेळ सुरू होतो.

मध्यंतरानंतर बाजू बदलायची प्रथा ज्याने पाडली, त्याने हा वयोगट विचारात घेतलेला नाही. "मघाशी तर तुम्ही म्हणालात हा आपला!" असं म्हणून एक मुलगा ढसाढसा रडला. खरं सांगायचं तर मुद्दा त्याचाच बरोबर होता.

गुणांचं मुलांना काही पडलेलं नसतं. "किती झाले?" विचारलं तर कुणी सात सांगतं, कुणी शंभर. एकाने "मंगळवार" असं उत्तर दिलं. नॉर्वेत मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांचे तक्ते लावत नाहीत. इथे तक्ता नसला तरी एका आजोबांच्या खिशात डायरी आहे. प्रत्येक गोल ते वेळेसकट टिपतात आणि निघताना मला हळूच दाखवतात. डॉक्टर रिपोर्ट दाखवतात तसा.

आणि पालक. "मार! मार! मार ना!" असा गजर झाला की माझ्या संघातलं एक आज्ञाधारक मूल शेजारच्याला एक ठेवून देतं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2019 मध्ये मुलांच्या सामन्यांसाठी एक शनिवार-रविवार मूक पाठिंब्याचा पाळला होता: टाळ्या वाजवा, सूचना ओरडू नका. मीही पालकांना हात जोडून तसं विनवलं. आश्चर्य म्हणजे ते खरंच गप्प बसले. मैदानावर शांतता पसरली आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला. "डावीकडे! तुझ्या डावीकडे! अरे, ती उजवी! माघारी ये! तू नाही, तू! तू कशाला आलास?"

तो आवाज माझा होता.

घरी जाताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, तू आम्हालापण टीव्हीसारखंच ओरडतोस."

"मग?"

"टीव्हीपण ऐकत नाही ना."

तेव्हा मी ठरवलं, पुढच्या सामन्यात मौन. अगदीच गरज पडली तर एक शब्द, तोही साधा.

सामना शेजारच्या गटाशी होता. चारास चार. सुरू होण्याआधी मी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" एक हात वर गेला. "सर, माझा दात हलतोय." सगळ्यांनी आळीपाळीने दात पाहिला, बोट लावून पाहिला. मीही पाहिला. चांगलाच हलत होता. त्या मुलाला मी आमच्या गोलापासून थोडा पुढे उभा केला आणि म्हटलं, "ही तुझी जागा. हलायचं नाही." त्याने गंभीरपणे मान डोलावली.

शिट्टी झाली. मोहोळ घोंघावत पलीकडे गेलं. दातवाला जागेवर. मोहोळ परत आलं, त्याच्या अंगावरून गेलं, पुन्हा लांब गेलं. दातवाला जागेवर. त्याच्याइतका शिस्तीचा बचावपटू मी पाहिलेला नाही. दोन्ही हात बाजूला घट्ट, तेवढी जीभ दाताशी चाळा करतेय. मी तोंडावर हात ठेवून उभा. सात मिनिटं मी एक शब्द बोललो नाही. आजोबांनी डायरीत तेही टिपलं असावं.

आणि मग चेंडू मोहोळातून सुटला. आतली लाथाळी चालूच राहिली. कुणाच्या गावीही नव्हतं की चेंडू संथपणे, एकटाच, आमच्या गोलाकडे निघालाय. वाटेत फक्त दातवाला होता. चेंडू त्याच्यापासून दोन पावलांवरून जाणार होता. नुसता पाय पुढे केला असता तरी पुरे होतं. त्याने चेंडूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"सर, हलू?"

माझं मौन सुटलं. अंगातला सगळा दम एकवटून मी ओरडलो, "हल! हल!"

आणि तो हलला. जागेवरच. आधी खांदे, मग कंबर, मग डोळे मिटून डोक्यापासून पायापर्यंत, ओलं कुत्रं अंग झाडतं तसा. चेंडू त्याच्या बाजूने निवांत गेला, रेषेवर क्षणभर रेंगाळला आणि गोलात शिरला. मोहोळ धावत आलं. दोन्ही संघांनी एकमेकांच्या गळ्यात पडून जल्लोष केला. आजोबांनी घड्याळ पाहून डायरी उघडली.

दातवाला धापा टाकत माझ्यापाशी आला. मूठ उघडून त्याने मला त्यातला दात दाखवला.

"सर," तो म्हणाला, "इतकं बास की अजून हलू?"