किडनी ‘साफ’ करणारा काढा: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

कोथिंबिरीची जुडी स्वच्छ धुवा, बारीक चिरा, पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज एक ग्लास प्या. वर्षानुवर्षं किडनीत साठलेलं मीठ आणि विष लघवीवाटे निघून जाईल. हा मेसेज कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे आणि फिरता फिरता त्याला बरीच शेपटं जोडली गेली आहेत. क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी अधू झाली की वाढतो) उतरतं, लघवी साफ होत असेल तर किडनी ठीकच, पाणी प्यावं तेवढं थोडं, बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते, डायलिसिस एकदा लागलं की सुटत नाही. पाठवणारा काळजीपोटीच पाठवतो. पण ज्याच्यासाठी पाठवतो त्या किडनीच्या पेशंटलाच यातून सगळ्यात जास्त इजा होऊ शकते.

“किडनीत विष साठतं, ते धुवून काढावं लागतं.”

किडनीत असं काही साठून राहत नाही. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण वीस लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, असतात. त्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला ९९ टक्के शरीर परत शोषून घेतं आणि उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी होते. डायबेटिस किंवा हाय बीपीने किडनी बिघडते तेव्हा नेफ्रॉनमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांवर व्रण पडतात आणि एकेक नेफ्रॉन कायमचा बंद होतो. मोठ्या माणसात नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. त्यामुळे या आजाराचे सगळे खरे उपचार उरलेले नेफ्रॉन वाचवण्याचे आहेत.

मुतखडा ही वेगळी गोष्ट आहे, आणि मेसेजमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली असते. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडून जातात. त्या आठवड्यात माणूस जे पीत होता, कुळथाचं कढण असो वा कोथिंबिरीचा काढा, त्याला श्रेय मिळतं.

“काढा नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही.”

इथे थांबून नीट समजून घ्यायला हवं. किडनी अधू झाली की पोटॅशियम बाहेर टाकणं कठीण होत जातं. रक्तात ते ३.५ ते ५ च्या आसपास असावं लागतं. ६ च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि बरेचदा आधी कसलंच लक्षण जाणवत नाही. म्हणून ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्यांना आहारतज्ज्ञ सांगतात: भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. चिरून उकळल्यावर पोटॅशियम पाण्यात उतरतं. आता मेसेजमधली कृती पुन्हा वाचा. चिरा, उकळा, पाला टाका, पाणी प्या. फेकायचं तेच पाणी औषध म्हणून प्यायला सांगितलं आहे.

१०० ग्रॅम कोथिंबिरीत साधारण ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला एका ग्लासाने काही होत नाही, भाजीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीने तर पेशंटलाही नाही. प्रश्न बेरजेचा आहे. मेसेजच्या काही आवृत्त्यांत काढ्यासोबत रोज शहाळं प्यायला सांगतात; एका शहाळ्यातून ५०० ते ७०० मिलिग्रॅम सहज जातं. त्यात घरात ‘लो सोडियम’ मीठ आलेलं असतं. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, म्हणजे बीपीसाठी आणलेलं मीठ अधू किडनीला घातक ठरतं. वर टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी चढतं. (सैंधव मीठही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं, बीपीसाठी ते ‘चालतं’ हा समज काढून टाका.)

बिमली (बिलिंबी) या फळाचा आंबट रस कोलेस्टेरॉलसाठी घटाघट प्यायल्याने किडनी अचानक बंद पडल्याच्या नोंदी केरळमध्ये झाल्या आहेत. त्यातल्या ऑक्झलेटचे स्फटिक किडनीत अडकतात. स्टारफ्रूट म्हणजे कमरख तर किडनीच्या पेशंटने चाखूही नये. त्यातलं विषारी द्रव्य बाहेर पडत नाही, मेंदूपर्यंत जातं, आणि न थांबणाऱ्या उचकीपासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. झाडाला लागतं म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

“काढा घेतल्यावर अमक्याचं क्रिएटिनिन ६ वरून २ वर आलं.”

आलं असेलही. जुलाब-उलट्या, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा संसर्ग), घोणस चावणं किंवा वेदनाशामक गोळ्यांचा मारा यांनी किडनी अचानक बिघडते तेव्हा क्रिएटिनिन झपाट्याने चढतं, आणि मूळ कारण दूर झालं, सलाईन मिळालं, गोळी बंद झाली की बरेचदा उतरतंही. ती सुधारणा काढ्याविनाही झाली असती. दुसरं कारण अधिक वाईट आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पथ्याच्या नावाखाली पेशंटचं जेवण तुटलं, अंगावरचं मांस झडलं, की किडनी तेवढीच अधू असूनही आकडा खाली येतो आणि घरचे आनंदतात.

म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका. रिपोर्टमध्ये १.२ आलं तर बऱ्याच लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’च्या कडेला असतं. पण २५ वर्षांच्या तरुणात १.२ म्हणजे ईजीएफआर ८६ च्या आसपास, आणि ६५ वर्षांच्या बाईत तेच १.२ म्हणजे ५० च्या आसपास. ईजीएफआर म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा वय आणि लिंग धरून काढलेला अंदाज. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर तो दीर्घकालीन किडनी विकार धरतात, १५ च्या खाली गेला तर शेवटचा टप्पा. लॅबने छापला नसेल तर मागून घ्या.

“लघवी साफ होते, कंबर दुखत नाही, म्हणजे किडनी ठणठणीत.”

हा सगळ्यात महागात पडणारा दावा. हा आजार सहसा दुखत नाही, आणि लघवीचं प्रमाण शेवटच्या टप्प्यापर्यंत चांगलं राहू शकतं. उलट लघवी दाट करण्याची ताकद आधी जाते, म्हणून रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि ‘लघवी भरपूर होते’ असं समाधान वाटतं. पाण्यासारखी लघवी झाली म्हणजे घाण बाहेर पडली असं होत नाही. पायावर सूज, लघवीत टिकून राहणारा फेस, मळमळ ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

डायबेटिस, हाय बीपी, घरात कुणाला किडनीचा आजार, वारंवार मुतखडे, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या, यातलं काही असेल किंवा साठी ओलांडली असेल, तर वर्षातून एकदा दोन तपासण्या करा: रक्तातलं क्रिएटिनिन ईजीएफआरसह, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर. दुसरी तपासणी हटकून राहून जाते. लघवीच्या साध्या पट्टीवर प्रोटीन ‘निल’ आलं तरी थोडं अल्ब्युमिन जात असू शकतं, आणि डायबेटिसमध्ये किडनीचं नुकसान बहुधा तिथूनच दिसू लागतं. सकाळची पहिली लघवी द्या, धार सुरू झाल्यावर मधली. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम असेल तर पुढे ढकला, आकडा खोटा वाढतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. वर आलं तर घाबरून न जाता तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा करा. तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं तर ते खरं.

“दिवसाला पाच लिटर पाणी प्या.”

मुतखडा होणाऱ्याला दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी हवं, हे खरं. पण दीर्घकालीन विकारात जास्त पाण्याने किडनी वाचते का, याची कॅनडात चाचणी झाली. २०१८ साली निकाल आला, एका वर्षात फरक पडला नाही. आणि लघवी कमी झालेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या पेशंटमध्ये हेच पाणी फुप्फुसात उतरून दम लागतो. डायलिसिसवरच्या पेशंटचा ढोबळ हिशेब असा: आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितकं, अधिक ५०० मिलिलिटर, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं.

“बीपी-शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते.”

हे वाचून लोक गोळ्या सोडतात, आणि नेमक्या किडनी वाचवणाऱ्या सोडतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांनी गाळणीवरचा दाब कमी होतो. सुरुवातीला क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी बहुधा गोळी चालूच ठेवतात. दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. डॅपाग्लिफ्लोझिन ही मुळात शुगरची गोळी. डायबेटिस नसलेल्या पेशंटमध्येही ती किडनीची घसरण मंदावते हे २०२० च्या चाचणीत दिसलं, आणि भारतात तिची स्वस्त जेनेरिक मिळते. सपाटून जुलाब-उलट्या होत असतील तर या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

किडनीवर खरा घाला पडतो तो गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने. किडनीकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी त्या आकसवतात. सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, वर उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, की काही दिवसांत किडनी बंद पडू शकते. ईजीएफआर कमी असेल तर दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच, तेही सांगितलेल्या मात्रेत.

“डायलिसिस एकदा लागलं की सुटत नाही, म्हणून टाळा.”

लेप्टो किंवा सर्पदंशाने किडनी अचानक बंद पडते तेव्हा काही दिवस-आठवडे डायलिसिस करून किडनी चालू झाल्यावर ते बंद होतं. अशा पेशंटला डायलिसिस नाकारणं म्हणजे बरा होऊ शकणारा माणूस गमावणं. दीर्घकालीन विकारात ते चालू राहतं, कारण तोवर किडनी संपलेली असते. सवय लागण्याचा प्रश्न नाही. बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास लागतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

टाळाटाळीत एक गोष्ट हातची जाते. ईजीएफआर २०-१५ कडे येऊ लागला की मनगटाजवळ किंवा कोपरापाशी फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हाताची शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडणं) करून ठेवायचा असतो, आणि तो सुई टोचण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे किंवा जास्त लागतात. नसेल तर मानेत नळी घालून घाईने सुरुवात करावी लागते, आणि नळीतून रक्तात जंतू शिरतात. म्हणून चौथ्या टप्प्यापासूनच, ईजीएफआर ३० च्या खाली आला की, ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपा: रक्त काढायचं असेल, सलाईन लावायचं असेल, तर दुसरा हात पुढे करा. शक्यतो तेही पंजाच्या मागच्या बाजूने, आणि नर्सला कारण सांगून.